सफरचंदाचे चिप्स कुरकुरीत होत नाहीत? आधी सोप्या गोष्टी तपासा, ओव्हनकडे शेवटी या

ओव्हनमधून काढले तेव्हा छान दिसत होते, तासाभरात वातड झाले. सफरचंदाच्या चिप्सबद्दल माझ्या कानावर सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. मी हे चिप्स बरीच वर्षं करते आहे, आणि ओळखीतल्या कितीतरी जणांचे फसलेले ट्रे बघून कुठे चुकलं ते शोधून दिलं आहे. कारणं वरवर पाहता दहा-बारा निघतात, पण त्यातली बहुतेक एकाच जागी येऊन मिळतात: चकतीत थोडंसं पाणी उरलेलं असतं. ते इतकं थोडं असतं की डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. कुणी सफरचंद बदलतं, कुणी ओव्हन बदलायला निघतं. तसं करण्याआधी खालच्या क्रमाने जा. पहिल्या तीन तपासण्यांना काहीच खर्च नाही आणि निम्म्याहून जास्त ट्रे तिथेच सुधारतात.

लक्षणं: तुमचं यातलं कोणतं?

• थंड झाल्यावरही चकती वाकते, मोडत नाही. चावताना दाताला ओढ लागते. म्हणजे वाळणं अर्धवट राहिलं आहे. तपासणी १, २ आणि ४.

• काढल्यावर कुरकुरीत, संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी सादळलेले. वाळवण बरोबर झालं, ठेवण्यात चुकलं. तपासणी ३.

• कडा तपकिरी आणि कडवट, मध्यभाग ओला. एक तर चकती एकसारख्या जाडीची नाही किंवा उष्णता जास्त आहे. तपासणी ५ आणि ७.

• सगळी चकती मळकट तपकिरी, पण चव करपलेली नाही. हे ओव्हनमध्ये झालेलं नाही, कापल्यावर झालं आहे. तपासणी ६.

• कागदाला चिकटतात, सोडवताना फाटतात. तपासणी ६.

• कुरकुरीत न होता टणक होतात. बहुतेक वेळा जाडी, तपासणी ५.

• दर वेळी ट्रेचा तोच कोपरा करपतो आणि तोच कोपरा ओला राहतो. यात तुमचा दोष नाही. तपासणी ९ आणि १०.

ताडून बघायला माझी नेहमीची पद्धत

सफरचंद धुऊन कोरडं करते, साल ठेवते, २ ते ३ मिलिमीटरच्या आडव्या चकत्या पाडते, बिया काढून टाकते. ट्रेवर ओव्हनला चालणारा कागद, त्यावर एकच थर, कडेला कड लागणार नाही अशा बेताने. ओव्हन १०० अंश सेल्सिअसवर, पंखा चालू असेल तर ९० वर. एका तासाने प्रत्येक चकती उलटायची, पुढे आणखी एक ते दीड तास. मग ओव्हन बंद करून, दार किंचित उघडं ठेवून आतच निवू द्यायच्या. तेल नाही, साखर नाही. तुमची पद्धत यापेक्षा कुठे वेगळी आहे ते आधी मनात टिपून ठेवा.

१. चकती थंड करून मोडून बघा

फुकटची आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी. गरम असताना सफरचंदाचा चिप्स कुरकुरीत नसतोच, अगदी पूर्ण वाळलेला असला तरी. सफरचंदात साखर भरपूर असते, आणि पाणी निघून गेल्यावर चकतीचा सांगाडा त्याच साखरेवर उभा असतो. साखरेचा घट्ट पाक गरम असताना ओघळतो आणि निवला की काचेसारखा कडक होतो, तसंच इथे होतं. त्यामुळे ओव्हनमध्ये हात घालून चकती दाबली, मऊ लागली, म्हणून तापमान वाढवलं, असं केलं की हमखास करपतात. आणि याच्या उलटही होतं. वरून कोरडी दिसली म्हणून काढली, निवल्यावर वाकली.

असं करा. ट्रेच्या मध्यावरची एक चकती चिमट्याने काढा, कडेची नको, कडेच्या नेहमी आधी वाळतात. थंड बशीत ठेवा आणि दोन मिनिटं तिला हात लावू नका. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोडा. नुसती दुमडली तर अजून बरंच पाणी आहे, अर्धा तास तरी लागेल. जरा वाकून मग फाटली आणि फाटलेल्या कडेला बारीक तंतू दिसले, तर दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. कट् असा आवाज होऊन सरळ मोडली आणि मोडलेली कड कोरडी, पांढुरकी दिसली, तर झालं.

मोडण्याआधी ती उजेडाला धरून बघायची सवय लावा. वाळलेला भाग सगळीकडे सारखा मंद दिसतो. पाणी उरलेलं असेल तिथे तेलाचा डाग पडल्यासारखा अर्धपारदर्शक ठिपका दिसतो, आणि तो बहुतेक वेळा बियांच्या कप्प्यांभोवती असतो. गराचा तो भाग घट्ट असतो, शेवटी वाळतो. मी आता ट्रेतल्या तीन-चार चकत्यांचा फक्त गाभा बघते, बाकी काही बघत नाही.

२. घड्याळ सोडा, काटा घ्या

स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल, तर ही तपासणी तुमचा अंदाज कायमचा पक्का करेल. सफरचंदात साधारण ८५ ते ८६ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या चकत्यांमध्ये पाण्याशिवायचा ऐवज फक्त १४-१५ ग्रॅम. आता पुढचा हिशेब नीट बघा. १०० ग्रॅमच्या चकत्या वाळून १८ ग्रॅमवर आल्या की त्या छान चिवट, चघळायच्या सुक्या सफरचंदासारख्या होतात. कुरकुरीत व्हायला त्यांना १५ ग्रॅमच्या आसपास यावं लागतं. वातड आणि कुरकुरीत यांच्यातला फरक फक्त ३ ग्रॅम पाण्याचा आहे.

आणि हेच ३ ग्रॅम सगळ्यात हळू निघतात. सुरुवातीला पाणी चकतीच्या पृष्ठभागावर असतं, ते भराभर उडतं. शेवटचं पाणी गराच्या आत साखरेला आणि तंतूंना धरून बसलेलं असतं. त्याला बाहेर यायला वेळ द्यावाच लागतो. पहिल्या तासात वजन इतकं झपाट्याने उतरतं की आपल्याला वाटतं, झालंच आता. मग पुढच्या तासात काटा फारसा हलत नाही आणि आपला धीर सुटतो. बहुतेक ट्रे याच वेळी बाहेर काढले जातात.

ओव्हनमध्ये घालण्याआधी रिकामा ट्रे आणि चकत्यांसकट ट्रे असं दोनदा वजन करून ठेवा. मोठा ट्रे काट्यावर मावत नसेल तर दहा चकत्या वेगळ्या मोजा आणि त्या ट्रेच्या मध्यावर, ओळखू येतील अशा ठेवा. दोन तासांनी आणि मग दर पंधरा मिनिटांनी वजन करा. सुरुवातीच्या वजनाच्या साधारण १५ टक्क्यांवर आलं आणि लागोपाठ दोन मोजण्यांमध्ये फरक पडला नाही, की थांबा. गोड सफरचंद असेल तर शेवटचं वजन एखाद-दोन ग्रॅम जास्त राहतं, कारण त्यात साखरच जास्त असते. म्हणून आकड्यापेक्षा वजन उतरायचं थांबलं की नाही, याकडे जास्त लक्ष द्या.

दोन-तीन वेळा हे केलंत की तुमच्या ओव्हनला नेमका किती वेळ लागतो ते कळेल, आणि मग काटा लागणार नाही.

३. डबा, झाकण आणि हवा

चिप्स नीट वाळले होते, दुसऱ्या दिवशी सादळले, तर ओव्हनकडे बघूही नका. सफरचंदातल्या साखरेत सगळ्यात मोठा वाटा फ्रुक्टोजचा असतो, आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेण्यात इतर साखरांच्या पुढे आहे. दमट हवेत उघड्या बशीतले चिप्स अर्ध्या तासातही मऊ पडायला लागतात. पावसाळी दिवसांत तर मी ट्रे मोकळ्या हवेत निवायला ठेवतच नाही, बंद केलेल्या ओव्हनमध्येच निवू देते.

यात दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक म्हणजे चिप्स फार वेळ उघडे ठेवणं. दुसरी म्हणजे कोमट असतानाच डब्यात भरून झाकण लावणं. दुसरी मी स्वतः केली आहे. एक सबंध आठवडा मी सफरचंदांना दोष देत होते. मग एकदा झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे थेंब दिसले आणि उलगडा झाला. चिप्स हाताला पूर्ण गार लागले पाहिजेत, आणि गार झाले की लगेच डब्यात गेले पाहिजेत.

डबा काचेचा, रबरी कडीचा किंवा घट्ट फिरकीच्या झाकणाचा असावा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून ओलावा हळूहळू आत येतोच. खाण्याच्या पदार्थांसोबत ठेवायची सिलिका जेलची पुडी टाकली तर चांगलाच फरक पडतो. पुडी फाटलेली नसावी आणि लहान मुलांच्या हाती लागू नये. डब्यात वरपर्यंत चिप्स भरा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा जास्त, म्हणजे ओलावाही जास्त. रोज उघडायचा डबा छोटा वेगळा ठेवा.

सादळलेले चिप्स टाकून देऊ नका. १०० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटं ठेवा, निवू द्या, परत कुरकुरीत होतात. मात्र पांढरे-हिरवे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर सगळा डबा टाका. वरचे चार काढून बाकीचे खाणं बरोबर नाही, बुरशीचे धागे दिसतात त्याहून लांब पसरलेले असतात.

४. ट्रेवरची गर्दी आणि कोंडलेली वाफ

पाव किलो चकत्या ओव्हनमध्ये घातल्या, तर त्यातून जवळजवळ २१० मिलिलिटर पाणी, म्हणजे भरलेला पेलाभर पाणी वाफ होऊन बाहेर पडायचं आहे. दोन ट्रे घातले तर दोन पेले. ही वाफ जाणार कुठे? केक किंवा पाव भाजताना आपल्याला उष्णता आत धरून ठेवायची असते, म्हणून ओव्हनचं दार चांगलं घट्ट बसतं. चिप्सच्या वेळी तेच दार आडवं येतं. आतली हवा वाफेने जड झाली की चकतीतलं पाणी बाहेर यायचं मंदावतं. चिप्स वाळायच्या ऐवजी शिजायला लागतात आणि कापलेल्या पृष्ठभागावर चिकट थर येतो.

ओळखायची खूण सोपी आहे. अर्ध्या तासाने दार उघडा. चष्मा असेल तर काचा पांढऱ्या होतील. दाराच्या आतल्या काचेवर पाणी ओघळताना दिसलं, तर वाफ कोंडते आहे हे नक्की.

पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी दार पूर्ण उघडून दहापर्यंत आकडे मोजा आणि बंद करा. तापमान थोडं उतरेल, उतरू दे, वाफ गेल्याने फायदा जास्त होतो. लाकडी चमच्याची दांडी अडकवून दार फटभर उघडं ठेवायची पद्धतही चालते, पण विजेच्या ओव्हनमध्ये, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तरच. काही ओव्हनमध्ये फटीतून येणारी गरम हवा वरच्या बटणांवर जाते आणि बटणं खराब होतात. गॅसच्या ओव्हनचं दार पेटत्या आचेवर अडकवून ठेवू नका. मागे किंवा वर वाफ जायची जाळी असते, ती भिंतीला टेकलेली किंवा कपड्याने झाकलेली नाही ना, तेही बघून घ्या.

एका वेळी एकच ट्रे. घाई असली तरी एकच. दोन ट्रे एकत्र करून वेळ वाचत नाही, मी वजन करून पाहिलं आहे, तेवढाच वेळ लागतो आणि खालचा ट्रे उरतोच.

पंखा लावला तर वाळवण लवकर होतं, पण शेवटच्या अर्ध्या तासात चकत्या इतक्या हलक्या होतात की उडून एकमेकींवर चढतात. त्यांच्यावर एक जाळी उपडी ठेवा. एअर फ्रायरमध्ये तर ही जाळी हवीच, नाहीतर चकती उडून वरच्या तापलेल्या सळईला जाऊन चिकटते.

५. जाडी

चकती दुप्पट जाड केली तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण आतलं पाणी दोन्ही बाजूंना जास्त अंतर कापून येतं. ५ मिलिमीटरची चकती पूर्ण वाळेपर्यंत कडा तपकिरी होतात, गर आक्रसून घट्ट बसतो आणि चिप्स टणक होतो. सफरचंद पाण्यावर तरंगतं, कारण त्याच्या गराचा साधारण पाव भाग हवेचा असतो. चिप्सचा हलका कुरकुरीतपणा या हवेच्या जागांमुळे येतो. चकती पातळ असेल तर त्या जागा तशाच राहून वाळतात.

पण जाडी किती यापेक्षा ती सारखी आहे की नाही, हे जास्त महत्त्वाचं. एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४ मिलिमीटर असेल तर कोणत्याही तापमानाला ती चकती नीट होणार नाही. सुरीने कापत असाल तर पाच चकत्या एकावर एक रचून कडेने बघा, तिरकेपणा लगेच दिसतो. चकत्या पाडायची किसणी घेतली तर हा प्रश्न मिटतो. मात्र तिची पात बोटाला कळायच्या आत लागते, म्हणून सोबतची पकड किंवा जाड हातमोजा वापरल्याशिवाय हात लावू नका. सफरचंदाचा शेवटचा बोटभर तुकडा किसू नका, खाऊन टाका. बोट कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा. त्यानंतरही रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर चिप्स राहू देत, डॉक्टरकडे जा.

६. रंग, पाणी आणि कागद

सफरचंद कापलं की पेशी फुटतात, त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने गराचा रंग तपकिरी करतं. चवीला त्याने फारसं बिघडत नाही. मूळचा रंग हवाच असेल तर एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून चकत्या त्यात पाच मिनिटं ठेवा. आंबटपणामुळे विकराचं काम मंदावतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्वही रंग बदलू देत नाही. त्याहून जास्त वेळ नको, चकत्या पाणी पितात. आणि बाहेर काढल्यावर कापडावर पसरून दोन्ही बाजूंनी नीट टिपा. मी ज्या चिकटलेल्या चकत्या पाहिल्या, त्यातल्या निम्म्या या न टिपलेल्या पाण्याच्या होत्या.

चिकटण्याचं दुसरं कारण साखर. वरून साखर भुरभुरली की ती चकतीतलं पाणी ओढून त्याचा पाक करते, आणि पाक कागदावर घट्ट बसतो. दालचिनीची पूड चालते, साखर नको, सफरचंदात आहे तेवढी पुरते. ओव्हनसाठीचाच कागद घ्या. मेणकागद आणि ॲल्युमिनियमची फॉइल नको. मेण वितळतं, आणि फॉइलला चकत्या चिकटतात. सिलिकॉनच्या चटईवर खालची बाजू ओली राहते, ती वापरत असाल तर दोनदा उलटा. सगळ्यात चांगली बारीक तारांची जाळी, दोन्ही बाजूंनी हवा लागते आणि उलटायचंही काम उरत नाही.

७. तापमान

लवकर व्हावेत म्हणून १५० अंश ठेवलंत तर काय होतं? चकतीचा बाहेरचा थर आतलं पाणी बाहेर यायच्या आधीच वाळून घट्ट होतो, आणि आतलं पाणी अडकतं. वरून कोरडी, आतून दमट. शिवाय फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच करपायच्या दिशेने बदलायला लागतं, साध्या साखरेपेक्षा खूप आधी. ती कडवट चव तिथून येते. म्हणून १०० च्या वर जायची माझी तयारी नसते.

उलट ६०-७० अंशांवर ठेवलं तर पाच-सहा तासही पुरत नाहीत आणि दमट हवेत तर चकत्या शेवटपर्यंत चिवटच राहतात. वाळवण्याचं वेगळं यंत्र कमी तापमानात हेच काम करतं, पण त्यात हवा सतत खेळती असते आणि वेळही खूप लागतो.

मायक्रोवेव्हमध्ये करायचे असतील तर फक्त गरम हवेचा, कन्व्हेक्शनचा प्रकार वापरा. नुसत्या मायक्रोवेव्हवर वाळत आलेल्या चकत्या एखाद्या ठिकाणी अचानक काळ्या होतात आणि पेटूही शकतात.

८. सफरचंद

याला मी मुद्दाम उशिरा आणलं, कारण लोक इथूनच सुरुवात करतात. घट्ट, रसरशीत सफरचंद असेल तर जातीने फार फरक पडत नाही. ग्रॅनी स्मिथसारखं आंबट सफरचंद रंग छान राखतं. फुजी, गाला गोड असतात, त्यांना रंग लवकर चढतो, शेवटची पंधरा मिनिटं जवळ थांबा.

पिठूळ सफरचंदाचं मात्र काही करता येत नाही. फार दिवस ठेवलेल्या फळात पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा भाग सैल होतो, चावताना रस न येता रवाळ लागतं ते त्यामुळे. अशा सफरचंदाची चकती किसणीवरच तुटते आणि वाळल्यावर भुगा होतो. एक फोड खाऊन बघा, ती करकरली नाही तर ते सफरचंद शिजवायला वापरा.

९. ओव्हन खरं बोलतो का?

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक असणं अजिबात दुर्मीळ नाही. १८० वर केक भाजताना तो खपून जातो, १०० वर चिप्स करताना नाही.

थर्मामीटर मधल्या कप्प्यात, मध्यावर ठेवा. ओव्हन १०० वर लावून अर्धा तास तापू द्या. मग पुढचा अर्धा तास दर पाच मिनिटांनी काचेतून आकडा बघून कागदावर लिहा. तो खाली-वर होणारच, सळया चालू-बंद होत राहतात. सगळ्या आकड्यांची सरासरी काढा. ती ११५ आली तर बटण ८५ च्या जवळ फिरवा, विषय संपला. छोट्या ओव्हनमध्ये सळई तापताना तिची धग थेट चकत्यांवर पडते, म्हणून ट्रे दोन्ही सळयांपासून सारख्या अंतरावर ठेवा.

उष्णता कुठे जास्त आहे ते बघायला ट्रेभर पावाच्या चकत्या मांडून १८० अंशांवर दहा मिनिटं भाजा. कुठला पाव तांबूस झाला आणि कुठला पांढरा राहिला, हा तुमच्या ओव्हनचा नकाशा. त्याचा फोटो काढून ठेवा. फरक थोडा असेल तर अर्ध्या वेळेला ट्रे फिरवून घेतला की पुरतं.

१०. सळया, रबर, पंखा: बाहेरून फक्त बघा

माझ्या एका मावसबहिणीचे चिप्स वरून तपकिरी आणि खालून ओले निघायचे, चार महिने. पाव भाजून पाहिला, सगळे पाव वरून तांबूस, खालून पांढरे. ओव्हन लावून, दार बंद ठेवून काचेतून पाहिलं तेव्हा वरची सळई लाल होत होती, खालची काळीच होती. सळई गेली होती. तिथे आमचं काम संपलं, पुढचं दुरुस्ती करणाऱ्याने केलं.

तुम्हीही एवढंच बघा. दोन्ही सळया तापतात का. पंखा फिरतो का, घरघरतो का. ओव्हन थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना थोडा अडथळा लागला पाहिजे. एका ठिकाणी अलगद निघून आली तर तिथलं रबर सैल आहे.

इथे थांबा, आणि माणूस बोलवा

तापमान लावलेल्या आकड्यापेक्षा ३० अंशांहून जास्त भरकटत असेल, किंवा सळई बंदच न होता आकडा चढत राहत असेल, तर ओव्हन बंद करा. तापमान राखणारा भाग बिघडला आहे, त्यात आग लागायचा धोका असतो. सळई तापत नाही, तिच्यावर फोड किंवा भेग दिसते, हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ओव्हन लावला की घराचा फ्यूज किंवा एमसीबी पडतो, वायर जळल्याचा वास येतो, यातलं एकही दिसलं तर मुख्य बटण बंद करून प्लग काढा. प्लग किंवा सॉकेट गरम झालं असेल तर त्याला हात न लावता थेट मेन स्विच बंद करा. मागचं झाकण स्वतः उघडू नका.

गॅसच्या ओव्हनमध्ये ज्योत पिवळी, धूर सोडणारी असेल, किंवा पेटून सारखी विझत असेल तर वापरणं थांबवा. गॅसचा वास आला तर नॉब आणि मुख्य झडप बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि फोन बाहेरून करा.

दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा "चिप्स नीट होत नाहीत" एवढंच सांगू नका. तापमानाचा लिहिलेला कागद, पावांचा फोटो, आणि सळई तापते की नाही हे तुम्ही कधी आणि किती वेळ पाहिलंत, हे त्याच्या हातात द्या. दुरुस्तीनंतर तो जायच्या आत ओव्हन १०० वर लावून अर्ध्या तासाने थर्मामीटर त्याच्यासमोरच बघा.